किती फिटले, किती उरले

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. संध्याकाळी एकत्र जमून एखादा विषय तासभर ऐकायचा, ही सवय महाराष्ट्राला तिथून लागली. त्याच उन्हाळ्यात, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजार भरला होता. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. हाती लागतील ते कागद बाहेर काढून जाळले गेले. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

कुणब्यांचा राग कागदावर का होता, हे समजून घेतल्याशिवाय कर्ज फेडणाऱ्याचे मन कळत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सुगीला धान्य सावकाराकडे जाई, तो वहीत काहीतरी मांडे, आणि पुढच्या वर्षी नव्या रोख्यावर पुन्हा अंगठा उठवावा लागे. किती घेतले, किती फेडले आणि किती उरले, यांतले एकही उत्तर कर्जदाराकडे नसे. शेवट दिसत नसलेली फेड माणूस किती वर्षे करत राहील?

या दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुढे खुद्द रानड्यांनी या कायद्याखालच्या दाव्यांसाठी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. या कायद्यातल्या मोठ्या तरतुदी इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात: न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, हप्ते बांधून देता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे थांबले. त्याच कायद्यात आणखी एक साधी तरतूद होती. फेडीची लेखी पावती मागण्याचा, दर वर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि तो पासबुकात उतरवून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. दीर्घ मुदतीचे कर्ज तुटपुंज्या मिळकतीत फेडणाऱ्याची उमेद कशावर टिकते, याचे उत्तर या साध्या तरतुदीत आहे. ‘मन घट्ट करा’ या उपदेशाने ती टिकत नाही. किती फिटले आणि किती उरले हे डोळ्यांसमोर असेल, तर टिकते.

आजचा कर्जदार अंगठा उठवत नाही. तो शिकलेला आहे, सही करतो, मोबाइलवर बँकेचे अॅप बाळगतो. तरीही ‘कर्ज किती उरले?’ असे विचारले तर पुष्कळ जण हप्त्याचा आकडा सांगतात. उरलेल्या मुद्दलाचा आकडा सांगणारे विरळा. मराठी घरातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचा हिशेब तिच्यावर असतो. ज्या दिवशी अर्धा लिटर जास्त घेतले, त्या चौकटीत तसा आकडा. ज्या दिवशी दूध आले नाही, तिथे खाडा. सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेले कपडे, भिशीचा दिवस, सगळे तिथेच. महिन्याचे दूध दोन-अडीच हजारांचे. पण त्याच घरातून दर महिन्याच्या पाच तारखेला अठरा हजारांचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो आणि त्या भिंतीवर त्याची एक रेघही उमटत नाही. सगळ्यांत मोठा खर्च घरात कुठे दिसतच नाही. म्हणून तो फिटतोय असे वाटत नाही, नुसता जातोय असे वाटते.

हे वाटणे अगदीच खोटे नसते. समजा, वीस लाखांचे गृहकर्ज, ९ टक्के व्याज, मुदत २० वर्षे. हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले १५,००० व्याजात जातात. मुद्दल तीन हजारांनीही कमी होत नाही. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे साडेएकवीस लाखांहून अधिक पैसे भरले, तरी उरलेले मुद्दल असते १४ लाख २० हजार. निम्मे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात आणि राहिलेले निम्मे शेवटच्या ६ वर्षांत फिटते. यात कोणी कोणाला फसवत नसते. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते आणि सुरुवातीला मुद्दल मोठे असते, एवढेच. पण ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते, तो सातव्या-आठव्या वर्षी कधीतरी उतारा उघडून पाहतो आणि हबकतो. इतकी वर्षे पोटाला चिमटा घेतला तो कशासाठी, असा प्रश्न त्याला पडतो. उमेद खचते ती इथे.

हेच गणित उलट बाजूने पाहिले तर धीर येतो. त्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच दहा हजार रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर अगदी शेवटचे तीन हप्ते गळून पडतात. म्हणजे दहा हजारांत चौपन्न हजारांचे काम होते. पहिल्या महिन्यापासून दरमहा हजार रुपये जास्त भरता आले, तर २४० हप्त्यांऐवजी २०९ मध्ये कर्ज संपते आणि साडेतीन लाख रुपये वाचतात. ओढगस्तीच्या घरात हजार रुपये ही लहान रक्कम नाही. दर महिन्याला ती निघेलच असेही नाही. पण दिवाळीच्या बोनसातले पाच हजार भरताना ‘एवढ्याने काय होणार’ असे जे वाटते, ते रुपयांत मोजल्यामुळे. महिन्यांत मोजले तर त्याच पाच हजारांचा अर्थ बदलतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरल्याबद्दल व्यक्तिगत कर्जदाराकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बंदी घातली आहे, हेही अनेकांच्या गावी नसते. मात्र जास्तीची रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असे लेखी द्यावे लागते, नाहीतर बँक हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवू शकते.

मुदत कशी नकळत वाढते, हे अलीकडेच लाखो घरांनी अनुभवले. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. त्याबरोबर गृहकर्जाचे दरही वाढले, तरी बँकांनी बऱ्याच ठिकाणी हप्ता तेवढाच ठेवला आणि मुदत लांबवली. ज्याने ७ टक्क्यांनी वीस लाख वीस वर्षांसाठी घेतले होते, त्याचा हप्ता सुमारे १५,५०० रुपये. दर साडेनऊवर गेला की पहिल्याच महिन्याचे व्याज होते १५,८००. पूर्ण हप्ता भरूनही व्याज भागत नाही. घरात कोणाला काही कळले नाही, कारण खात्यातून जाणारी रक्कम बदललेली नव्हती. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यायची, आणि दर तिमाहीला उतारा द्यायचा, ज्यात आजवर वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढे स्पष्ट लिहिलेले असेल. १८७९ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्याला जे पासबुक द्यावे लागले, तेच १४४ वर्षांनी शहरातल्या पगारदाराला द्यावे लागले.

कर्जफेडीचे एक जगप्रसिद्ध उदाहरण मुंबईवरून गेलेले आहे. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन याची प्रकाशनसंस्था एप्रिल १८९४ मध्ये बुडाली. त्याआधी टाइप जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने वर्षानुवर्षे पैसा ओतला होता, तोही गेला. कायद्याने धनकोंशी तडजोड करून थोड्या रकमेत सुटता आले असते. पै न् पै फेडायची असा आग्रह त्याची पत्नी ऑलिव्हिया हिचा होता आणि त्यालाही ते पटले. वयाच्या साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, जुलै १८९५ मध्ये, तो व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाला. अमेरिका ओलांडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन असे करत जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला. खोकल्याने बेजार होऊन सुरुवातीचे काही दिवस वॉटसन हॉटेलात पडून होता. मग नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्याने झाली. पुण्यालाही तो जाऊन आला. मुंबईच्या मुक्कामात तो भायखळ्याला व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या बंगल्यावर जैन समाजाच्या एका समारंभाला गेला होता. १८६५ साली कापसाच्या तेजीबरोबर मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्यात हे प्रेमचंद स्वतः बुडाले होते आणि पुन्हा उभे राहिले होते. कर्जात बुडालेला पाहुणा आणि एकदा बुडून वर आलेला यजमान, अशी ती गाठ होती.

ट्वेनच्या गोष्टीत सहसा त्याच्या मानी स्वभावाचे कौतुक होते. ते रास्त आहे. पण नुसत्या मानीपणावर तो तरला नसता. पैसे हाती आले की नव्या यंत्रात घालण्याची त्याला खोड होती. म्हणून दौऱ्याची मिळकत हेन्री रॉजर्स या व्यवहारी मित्राकडे जाई आणि धनकोंचे देणे तो भागवी. हिशेब दुसऱ्या, शांत डोक्याच्या माणसाच्या हाती होता. डोंगराएवढे कर्ज एका दमात कोणालाच पेलत नाही. ट्वेनसमोर रोज एक गाव आणि एक संध्याकाळ होती. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याची मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली, तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. त्या दुःखातही दौऱ्यावरचे पुस्तक त्याने लिहून पुरे केले. १८९८ च्या सुरुवातीला, तो व्हिएन्नात असताना, सगळे देणे फिटले. रॉजर्सने धनकोंची पोचपत्रे पाठवली. ती पत्रे ऑलिव्हिया पुन्हा पुन्हा वाचत बसली होती, आणि सूझी गेल्यानंतरचा तो तिचा पहिला सुखाचा दिवस होता, असे ट्वेनने कळवले आहे. पैसे पोचल्याच्या पावत्या ज्या बाईला इतका आनंद देऊ शकल्या, तिने ती वर्षे कशी काढली असतील याची कल्पना येते.

स्कॉटलंडचा सर वॉल्टर स्कॉट याची गोष्ट याच जातीची आणि वेगळ्या शेवटाची आहे. १८२६ मध्ये छापखान्याच्या आणि प्रकाशकाच्या दिवाळखोरीत तो सापडला; देणे एक लाख वीस हजार पौंडांच्या घरात. लेखणीने फेडीन, असे म्हणून तो लिहीत सुटला. अर्धांगाचे झटके आले, विश्रांती घ्या असे सांगितले गेले, तरी तो लिहीतच राहिला. १८३२ मध्ये तो गेला तेव्हा बराच मोठा भाग फिटला होता. उरलेले पुढे त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटले. जगाने त्याला नावाजले. पण कर्ज फेडणाऱ्या घराने हा आदर्श घेऊ नये. दवाखान्याचे, औषधाचे, चष्म्याचे पैसे कर्जात घालणे म्हणजे फेड नव्हे. ते देणे पुढे ढकललेले असते आणि वाढून परत येते.

एकाहून अधिक कर्जे असतील तर आधी कोणते फेडावे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हिशेब सांगतो, ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की माणसे मात्र लहान कर्जे आधी मिटवू पाहतात आणि त्यापायी मोठ्या, महाग कर्जाचे व्याज वाढू देतात. पुढच्याच वर्षी डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी कर्जमुक्तीसाठी मदत घेणाऱ्या सुमारे सहा हजार ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली, ते शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त होती. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने १९६ गरीब कुटुंबांची कर्जे फेडली, त्यांच्यावरचा अभ्यास २०१९ साली आला. किती डॉलर फिटले यापेक्षा किती खाती बंद झाली याचा परिणाम मनावर अधिक होता. डोक्यावरचे एकेक खाते उतरले तशी चिंता घटली आणि विचार करण्याची क्षमता सुधारली.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ओढाताणीच्या घरासाठी मध्यम वाट बरी: एखादे अगदी लहान देणे, दुकानदाराची उधारी, शेजाऱ्याचे हातउसने, आधी मिटवून टाकावे, म्हणजे ते नाव यादीतून जाते आणि तेवढे पैसे मोकळे होतात. त्यानंतर मात्र लगेच महाग व्याजाकडे वळावे. क्रेडिट कार्डाचे उदाहरण घ्या. तीस हजारांच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी १,०५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९ रुपये. पाच टक्क्यांची ‘किमान रक्कम’ भरली तर ती होते १,५००. त्यातून मूळ थकबाकी कमी होते २६१ रुपयांनी. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली ही किमान रक्कम भरून ‘या महिन्याचे भागले’ असे समाधान मानणारा माणूस सुप्याच्या कुणब्यापासून फार लांब नाही.

तुटपुंज्या मिळकतीचा आणखी एक फटका असतो. तमिळनाडूतल्या ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची एक चाचणी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. तेच शेतकरी उसाचे पैसे हाती येण्याआधी आणि आल्यानंतर तपासले गेले. आधीच्या ओढगस्तीत त्यांची आकलनाची कामगिरी कमी होती, नंतर ती सुधारली. माणसे तीच होती, अक्कलही तीच. फरक पैशाच्या चणचणीने व्यापलेल्या डोक्याचा होता. म्हणून कर्जबाजारी माणसाला ‘तुला कळत कसे नाही’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावे. त्याला कळत असते. डोक्यात जागा नसते.

ती जागा करून देणे हेच खरे अंदाजपत्रक. जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि फी, भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, वर्षातून एकदा विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती: हे खर्च दर वर्षी येतात, तरी दर वर्षी ‘अचानक’ म्हणून येतात. वर्षाची बेरीज करून तिचा बारावा भाग दर महिन्याला बाजूला काढला, तर जूनमध्ये कार्ड घासावे लागत नाही. हाताशी निदान एका महिन्याचा किराणा आणि हप्ता एवढी रक्कम साठेपर्यंत जास्तीची परतफेड करू नये. सगळी शिल्लक उत्साहाने कर्जात भरायची आणि महिन्याभरात मूल आजारी पडले म्हणून चढ्या व्याजाने दुसरे कर्ज काढायचे, यात पैसे तर जातातच, पण ‘आपल्याला जमणार नाही’ ही समजूत पक्की होते. सण बंद करणे हाही उपाय नव्हे. पुरणपोळी चुकवून कर्ज फिटत नाही. घरातली माणसे मात्र त्या कर्जावर आणि ते फेडणाऱ्यावर रुसतात, आणि वीस वर्षांच्या कामात घरच्यांची साथ हप्त्याइतकीच लागते.

साथ मिळण्यासाठी आधी सांगावे लागते. अनेक घरांत कर्जाचा खरा आकडा एकट्या कर्त्या माणसाला माहीत असतो. बायकोला हप्ता ठाऊक असतो, पतसंस्थेचे कर्ज ठाऊक नसते. वडिलांनी कोणाला जामीन दिला आहे हे मुलाला वसुलीची नोटीस आल्यावर कळते. लाज हे त्याचे कारण असते आणि ती लाज अनाठायी आहे. घर, शिक्षण, आजारपण, शेती यांसाठी कर्ज काढणे हा गुन्हा नाही. दहावीतला मुलगा व्याजाचे गणित शाळेत शिकलेला असतो. घरच्या कर्जाचा उतारा त्याच्यासमोर ठेवून त्यालाच दर महिन्याला उरलेले मुद्दल दिनदर्शिकेवर लिहायला सांगावे. दुधाच्या खाड्याशेजारी हा आकडा आला, की महिन्यागणिक तो खाली येताना सगळ्यांना दिसतो. एखाद्या महिन्यात वर गेला, तर तेही त्याच दिवशी दिसते आणि बँकेला जाब विचारता येतो.

हप्ता भरणे अशक्य होईल असे दिसले, तर तो चुकण्याआधी शाखेत जावे. मुदत वाढवून मागणे किंवा हप्त्याची फेररचना मागणे यात कमीपणा नाही. दंडाबाबतही नियम बदलला आहे: हप्ता थकल्यास दंडाची रक्कम आकारता येते, पण ती व्याजदरात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. उताऱ्यात तसे दिसले तर लेखी तक्रार करावी.

आणि शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नये. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. श्रोत्यांना एवढीच विनंती आहे: या आठवड्यात बँकेकडून तिमाही उतारा मागून घ्या, उरलेले मुद्दल आणि उरलेले हप्ते हे दोन आकडे घरात सगळ्यांना वाचून दाखवा, आणि ज्या दिवशी कर्ज फिटेल त्या दिवशी बेबाकीचा दाखला, घराची मूळ कागदपत्रे आणि शेतजमीन असेल तर बोजा उतरवलेला सातबारा हातात घेतल्याशिवाय स्वस्थ बसू नका.